उतारशाळेचा दुसरा दिवस

(रुग्णालयाच्या वार्षिक उपकारस्तुतीच्या उपासनेत चामोर्शी येथील मंडळीपुढे केलेले प्रवचन)



वर्षातून एकदा आपण असे एकत्र जमतो. हिशेब मांडला जातो, अहवाल वाचला जातो आणि ज्या परमेश्वराने वर्षभर आपणांस निभावून नेले त्याची उपकारस्तुती केली जाते. अहवालात तपासलेल्या रुग्णांची संख्या असते, शस्त्रक्रियांची असते, जमाखर्चाची असते. ती असावयासच हवी. कारण दुसऱ्याने विश्वासाने दिलेल्या पैशाचा हिशेब चोख ठेवणे हीदेखील भक्तीच होय. परंतु आज आम्हांला ज्या माणसाविषयी बोलावयाचे आहे त्याची नोंद अहवालात सहसा होत नाही. शास्त्रात त्याचे नाव दिलेले नाही. त्याच्या तोंडी एकही शब्द नाही. त्याच्यावर प्रवचनेही फारशी होत नाहीत. तो माणूस म्हणजे उतारशाळेचा रक्षक.

लूककृत शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायातील चांगल्या शोमरोन्याचा दृष्टांत मंडळीच्या परिचयाचा आहे. आज येथे इतर धर्मांचेही अनेक बंधूभगिनी बसले आहेत, म्हणून तो थोडक्यात सांगतो. एक मनुष्य यरुशलेमहून यरीहोस चालला होता. हा रस्ता पंचवीस-तीस किलोमीटरांचा, सुमारे एक हजार मीटर उतरणीचा आणि निर्जन डोंगरांतून जाणारा. वाटेत लुटारूंनी त्याला गाठले, मारहाण केली आणि अर्धमेला टाकून ते निघून गेले. त्याच वाटेने एक याजक आला व बाजूने निघून गेला. एक लेवी आला, तोही निघून गेला. मग एक शोमरोनी आला. यहूदी लोक शोमरोन्यांशी कसलाही व्यवहार ठेवीत नसत. पण त्याला त्या जखमी माणसाचा कळवळा आला. त्याने जखमांना तेल व द्राक्षारस लावून पट्ट्या बांधल्या, त्याला आपल्या जनावरावर बसविले आणि उतारशाळेत नेऊन रात्रभर त्याची शुश्रूषा केली.

आपण बहुधा येथेच थांबतो. रविवारच्या शाळेतील मुलेही येथवरची गोष्ट न अडखळता सांगतात. पण प्रभू येशू येथे थांबत नाही. दुसरा दिवस उजाडला. शोमरोन्याला पुढे जावयाचे होते. त्याने दोन दिनार काढून उतारशाळेच्या रक्षकाला दिले, त्या माणसाची काळजी घेण्यास सांगितले आणि याहून जे काही अधिक खर्च होईल ते परत येताना फेडण्याचे वचन देऊन तो निघून गेला. लूक हा स्वतः वैद्य होता असे पवित्र शास्त्रात म्हटले आहे. जखम एका रात्रीत बरी होत नाही हे वैद्याला कोणी सांगावयास नको. हा दृष्टांत एकट्या लूकनेच लिहून ठेवला आहे, आणि त्यात दुसऱ्या दिवसाची व्यवस्था वगळलेली नाही.

शोमरोनी निघून गेला म्हणून प्रभूने त्याला दोष दिलेला नाही. त्याला त्याचा प्रवास होता, त्याची कामे होती. आमच्या देणगीदारांपैकी बहुतेकांचे असेच असते. कोणी मुंबईस राहतो, कोणी पुण्यास, कोणी नागपुरास, कोणी परदेशात. ते येथे राहू शकत नाहीत, आणि त्यात कमीपणा नाही. पण एक गोष्ट लक्षात घ्यावी. मत्तयाच्या शुभवर्तमानात द्राक्षमळ्यातील मजुरांची गोष्ट आहे. तीत दिवसभराच्या मजुरीचा दर एक दिनार आहे. म्हणजे शोमरोन्याने दिलेली रक्कम ही एका मजुराची दोन दिवसांची मजुरी होती. ती संपणारच होती. ती संपल्यावर काय झाले? त्या जखमी माणसाला उठवून बाहेर काढले, की त्याचे अंथरूण तसेच राहू दिले? दृष्टांत ते सांगत नाही. त्याचे उत्तर आपण द्यावयाचे आहे असे आम्हांला वाटते.

आपल्या या भागातील आजार पाहा. वैनगंगेच्या या तीरावर आणि पूर्वेकडे पसरलेल्या जंगलात जे आजार माणसाला खरोखर खचवितात, ते पहिल्या दिवसाचे नसून दुसऱ्या दिवसाचे आजार आहेत.

क्षयरोग घ्या. साध्या, औषधांना दाद देणाऱ्या क्षयरोगाचा उपचार सहा महिन्यांचा आहे. पहिल्या दोन महिन्यांतच खोकला थांबतो, भूक लागू लागते, अंगात बळ येते. नेमक्या याच वेळी धोका असतो. रुग्णाला वाटते, आपण बरे झालो. शेतात रोवणीचे दिवस असतात, नाहीतर तेंदूपत्त्याचा हंगाम असतो. हे दिवस चुकले तर वर्षाचा पैसा चुकला. गोळ्या सुटतात. राहिलेले जंतू औषधाला दाद देईनासे होतात आणि पुढचा उपचार पूर्वीपेक्षा कितीतरी कठीण होऊन बसतो. गोळ्या शासनाकडून विनामूल्य मिळतात. एप्रिल २०१८ पासून पोषणासाठी रुग्णाला दरमहा ५०० रुपये मिळू लागले आणि नोव्हेंबर २०२४ पासून ते १००० रुपये झाले. औषध आहे, थोडाबहुत पैसाही आहे. अनेकदा नसतो तो चौथ्या महिन्यात घरी जाऊन "आज गोळी घेतली का?" असे विचारणारा माणूस.

कुष्ठरोग घ्या. १९८१ साली जागतिक आरोग्य संघटनेने बहुविध औषधोपचाराची शिफारस केली आणि जो रोग जन्माचा सोबती समजला जात होता, तो सहा किंवा बारा महिन्यांच्या औषधाने बरा होऊ लागला. २००५ च्या अखेरीस देशपातळीवर त्याचे प्रमाण दहा हजारांमागे एकाच्या खाली आले. चंद्रपूर-गडचिरोलीत मात्र नवे रुग्ण आजही सापडतात. शिवाय जंतू मेले तरी मेलेली नस पुन्हा जिवंत होत नाही. बधिर पायाला काटा रुतलेला कळत नाही. त्या माणसाने रोज पाय पाण्यात भिजवावा, त्याला तेल लावावे, जखम आहे का ते डोळ्यांनी पाहावे आणि मऊ तळव्याची चप्पल वापरावी, एवढ्याने त्याचा पाय वाचतो. दृष्टांतातील तेल आपल्या परिसरात असे रोज लागते आणि आयुष्यभर लागते.

सिकलसेल घ्या. आईवडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक अपत्याला हा आजार होण्याची शक्यता चारांत एक असते. थंडी, ताप, अतिश्रम, पाण्याची कमतरता, एवढे निमित्तही पुरते आणि हाडे फुटल्यासारख्या वेदना सुरू होतात. १ जुलै २०२३ रोजी केंद्र शासनाने सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली. ठिकठिकाणी रक्ततपासणी होत आहे. हायड्रॉक्सियुरियासारख्या औषधाने वेदनेचे झटके कमी होतात. पण हे औषध नियमाने घ्यावे लागते आणि त्यासाठी वेळोवेळी रक्त तपासावे लागते. ज्या आईला मुलाला घेऊन दर महिन्याला बसने रुग्णालयात यावे लागते, तिची त्या दिवसाची मजुरी बुडते. तिच्यासाठी औषधाची किंमत म्हणजे ती बुडालेली मजुरी आणि बसचे भाडे.

यावरून आमचे म्हणणे एवढेच आहे, की रुग्णालय ही उतारशाळा असावी, आणि मंडळीने तिचा रक्षक व्हावे.

मूळ ग्रीक शुभवर्तमानात उतारशाळेसाठी जो शब्द आहे त्याचा धात्वर्थ "सर्वांना स्वीकारणारी" असा होतो. तिसऱ्या शतकातील ओरिजेन या धर्मपंडिताने या दृष्टांताचे विवरण करताना उतारशाळा म्हणजे मंडळी असा अर्थ लावला आहे. पुढे चौथ्या शतकात कैसरिया येथील बेसिल यांनी दुष्काळानंतर नगराबाहेर एक मोठा आश्रयच उभारला. तेथे वाटसरू, गरीब, आजारी आणि ज्यांना कोणी शिवत नसे असे कुष्ठरोगी या सर्वांना जागा होती. आपल्या लोकांना ही कल्पना परकी नाही. आपल्याच तालुक्यात मार्कंड्यास महाशिवरात्रीची यात्रा भरते. वैनगंगेच्या काठी येणाऱ्या यात्रेकरूला कोणी गाव विचारीत नाही, जात विचारीत नाही. पंगतीत बसला की पानावर वाढतात. पाहुण्याला आधी पाणी द्यावे, मग विचारपूस करावी, ही या मातीची रीत आहे. ख्रिस्ती मंडळीने निदान या रीतीहून कमी पडू नये.

आपल्या महाराष्ट्रात ज्यांनी प्रभूच्या नावाने सेवा केली, त्यांच्यापैकी ज्यांचे काम टिकले त्यांनी दुसऱ्या दिवसाची सोय केली होती, असे दिसते. डॉ. विल्यम वॉन्लेस १८८९ साली या देशात आले आणि १८९४ साली मिरजेस त्यांचे रुग्णालय उभे राहिले. शल्यचिकित्सक म्हणून त्यांची कीर्ती दूरवर पसरली. पण केवळ आपल्या हातावर सारे अवलंबून ठेवून ते थांबले नाहीत. त्यांनी येथील तरुणांना वैद्यकीय शिक्षण दिले, कारण उद्या येथे राहणारे तेच होते. क्षयरोग्यांना महिनोन्महिने राहता यावे म्हणून वेगळे आरोग्यधामही उभे केले.

पंडिता रमाबाईंचे उदाहरण तर आपल्या अधिक जवळचे आहे. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात फिरल्या. आपला चांदा जिल्हा त्या वेळी याच मध्य प्रांतात होता. भुकेने व्याकूळ झालेल्या शेकडो मुली व विधवा त्यांनी आपल्याबरोबर नेल्या. त्यांना दोन घास देऊन परत पाठविले असते, तरी लोकांनी त्यांना धन्यच म्हटले असते. पण केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्या मुली राहिल्या, शिकल्या, शेतीची व विणकामाची कामे शिकल्या, छापखाना चालवू लागल्या. रमाबाईंच्या कन्या मनोरमाबाई यांनी अंध स्त्रियांना ब्रेल लिपी शिकविली. १९२२ साली रमाबाई प्रभूकडे गेल्या. मुक्ती मिशनचे दार त्यांच्यामागे बंद झाले नाही.

चांद्याच्या भूमीवरही ही परंपरा आहे. स्कॉटलंडच्या एपिस्कोपल चर्चचे मिशन एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तेथे काम करू लागले. कॅथलिक चर्चचा चांदा धर्मप्रांत १९७७ साली स्थापन झाला. आज आपण ज्या पायावर उभे आहोत तो अनेकांच्या हातांनी घातलेला आहे.

मात्र येथे दृष्टांतातील एक बोचरी गोष्ट आम्हांला नजरेआड करता येत नाही. जो थांबला, तो मंदिरातील सेवक नव्हता. तो दुसऱ्या समाजाचा होता. प्रभूने हे मुद्दाम केले. आपल्या जिल्ह्यांकडे पाहिले तर हेच दिसते. वरोड्याजवळ १९४९ साली बाबा आमट्यांनी आनंदवन उभे केले. भामरागडच्या जंगलात हेमलकसा येथे २३ डिसेंबर १९७३ रोजी लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला आणि डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे तेथेच राहिले. गडचिरोलीत १९८६ पासून डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांची 'सर्च' ही संस्था काम करीत आहे. गावातीलच बायांना आरोग्यदूत म्हणून शिकवून, नवजात बाळाची काळजी त्याच्या घरी जाऊन घेण्याची पद्धत त्यांनी उभी केली. ३९ गावांतील या प्रयोगाचा वृत्तांत १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. नवजात मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी घटले होते. बाळंतपण पार पडले म्हणजे काम संपले असे न मानता पुढील दिवसांत बाळाच्या दारी पुन्हा पुन्हा जाणे, हीच दुसऱ्या दिवसाची सेवा. आम्ही मंडळीच्या वतीने या सर्वांचे ऋण मानतो. देवाची करुणा केवळ आमच्याच हातून वाहते असे म्हणण्याची सोय प्रभूने आम्हांला ठेवलेली नाही.

यातूनच एक नाजूक प्रश्न निर्माण होतो आणि तो टाळणे योग्य नव्हे. बाहेरचे काहीजण म्हणतात, "हे लोक सेवा करतात ती धर्मांतरासाठी." आणि मंडळीतील काहीजण विचारतात, "एवढी सेवा करून उपासनेला किती नवी माणसे आली?" दोघांचे बोलणे उलटसुलट वाटले तरी दोघांची समजूत एकच आहे, की सेवा हे दुसऱ्या कशाचे तरी साधन आहे. दृष्टांत पाहा. जखमी माणसाची जात, पंथ, गाव यांपैकी काहीही सांगितलेले नाही. बरा झाल्यावर तो शोमरोनी झाला असेही सांगितलेले नाही. खाटेवर पडलेला माणूस दुबळा असतो. त्याच्या दुबळेपणाचा फायदा घेऊन त्याच्यापुढे धर्म ठेवणे हे प्रभूच्या रीतीचे नव्हे. म्हणून या रुग्णालयात कोणी प्रार्थना मागितली तर ती अवश्य करावी, आणि न मागणाऱ्याची शुश्रूषाही तितक्याच मायेने करावी. आम्ही ख्रिस्ती आहोत हे लपविण्याचे कारण नाही. आणि ते गळी उतरविण्याचेही कारण नाही.

मग कोणी म्हणेल, असे असेल तर विश्वासाचे काम काय? आम्हांला वाटते, त्या रक्षकाकडे पाहिल्यावर याचे उत्तर मिळते. त्याच्या हाती फक्त दोन दिनार होते आणि एका परक्या वाटसरूचे वचन होते. कागद नव्हता, साक्षीदार नव्हता. शिवाय वचन देणारा शोमरोनी, म्हणजे त्या काळी ज्याच्या शब्दावर कोणी विसंबू नये असा. तरीही तिसऱ्या दिवशी, चौथ्या दिवशी पदरचे धान्य व पदरचे तेल खर्च करावयाचे, ते तो परत येईल एवढ्याच भरवशावर. पवित्र शास्त्र ज्याला विश्वास म्हणते तो हाच, अशी आमची श्रद्धा आहे. विश्वास म्हणजे येणाऱ्याच्या शब्दावर आज खर्च करणे. प्रभू परत येईल आणि अधिक झालेला खर्च तोच फेडील, असे जो मनापासून मानतो, तो चौथ्या महिन्यातील क्षयरोग्याला कंटाळत नाही. ज्याला आजच मोबदला हवा असतो, तो दोन दिनार संपले की थांबतो.

हा भार एकट्याने उचलण्यासारखा नाही, म्हणूनच देवाने मंडळी दिली आहे. डॉक्टर व परिचारिका आपले काम जागरणे करून करीत आहेत. परंतु रात्री रुग्णाच्या उशाशी बसणे, सोबत कोणी नसलेल्या म्हाताऱ्याला पेज भरविणे, रक्त लागले तर रक्त देणे, गडचिरोलीच्या जिल्हा रुग्णालयात पाठविलेल्या बाईबरोबर बसमध्ये बसणे, माडिया किंवा गोंडी बोलणाऱ्या आजीचे म्हणणे डॉक्टरांना समजावून सांगणे, यांसाठी वैद्यकीय पदवी लागत नाही. आमच्या मंडळीतील भगिनींनी आणि तरुणांनी ही कामे कोणी न सांगता हाती घेतली आहेत. त्यांची नावे येथे घेत नाही, कारण त्यांना ते आवडणार नाही.

आता तीन विनंत्या करून हे बोलणे आटोपतो.

पहिली विनंती देणगीदारांना. आपण इमारतीसाठी देता, यंत्रासाठी देता. त्याबद्दल आम्ही अंतःकरणपूर्वक ऋणी आहोत. इमारतीवर कोनशिला बसते, यंत्रावर दात्याचे नाव लिहिता येते. बसच्या भाड्यावर, नातेवाइकाच्या दोन वेळच्या जेवणावर, बधिर पायाच्या चपलेवर, गावोगाव पाठपुराव्यास जाणाऱ्या कार्यकर्त्याच्या पेट्रोलवर नाव लिहिता येत नाही. तरी उतारशाळा चालते ती याच खर्चावर. आपल्या देणगीचा काही भाग या "अधिक खर्चा"साठी मोकळा ठेवावा, एवढेच मागणे आहे. विश्वस्तांनीही दरवर्षीच्या अंदाजपत्रकात त्याला स्वतंत्र जागा द्यावी.

दुसरी विनंती मंडळीला. २०२२ पासून 'निक्षय मित्र' या नात्याने कोणाही व्यक्तीला वा संस्थेला क्षयरोग्याच्या आहाराची जबाबदारी घेता येते. आपल्यातील दोन-तीन कुटुंबांनी मिळून एका रुग्णाचे सहा महिने सांभाळावे. तांदूळ, डाळ, तेल, शेंगदाणे एवढे प्रत्येक घरातून निघू शकते. पण पिशवी पाठवून देऊ नका, घेऊन जा. पिशवीबरोबर गेलेल्या माणसाची त्या घराला अधिक गरज असते.

तिसरी विनंती रुग्णांच्या नातेवाइकांना. आपण स्वतःला केवळ मदत घेणारे समजू नये. खाटेशेजारी जमिनीवर निजून आपल्या माणसाची उठबस करणारे आपणच या उतारशाळेतील पहिले रक्षक आहात. घरी गेल्यावर गोळी चुकवू देऊ नका. आणि आपल्या गावात दुसरा कोणी तसाच खोकताना, तसाच चट्टा लपविताना दिसला, तर त्याला येथवर घेऊन या. त्या दिवशी आपणच त्याचे शोमरोनी व्हाल.

दृष्टांत संपताना प्रभूने प्रश्नकर्त्या शास्त्र्याला तसेच जाऊन करण्यास सांगितले. ते सांगणे आपणांसही लागू आहे. येत्या वर्षी या रुग्णालयाच्या दारी जो कोणी येईल त्याचा पहिला दिवस आमच्या डॉक्टरांच्या हाती सुरक्षित आहे, अशी आम्हांला खात्री वाटते. त्याचा दुसरा दिवस, तिसरा दिवस आणि त्यानंतरचे सर्व दिवस आपण सर्वांनी मिळून सांभाळावेत. ज्याने परत येण्याचे वचन दिले आहे, तो विश्वसनीय आहे. त्याची कृपा देणाऱ्यांवर, सेवा करणाऱ्यांवर आणि खाटेवरील प्रत्येकावर राहो.

आमेन.